रानगुलाबाच्या निमित्ताने : कोकणची वई आणि द्रव्यसंवर्धन

पावसाळ्याच्या तोंडावर वृक्षारोपणाचे कार्यक्रम ठरू लागले की अलीकडे एक सूचना वारंवार कानावर येते. दवाखान्याच्या आवारात, फार्मसीच्या कुंपणालगत अथवा गावाकडच्या जमिनीच्या बांधावर रानगुलाब लावावा. त्याच्या फुलांवर मधमाश्या येतात, फळांवर पक्षी येतात, काटेरी जाळीत घरटी होतात, शिवाय गुलाब हे आपल्या चिकित्सेतलेच द्रव्य आहे, असे सुचविणाऱ्यांचे म्हणणे असते. सूचनेमागील भावना स्तुत्य आहे यात शंका नाही. तथापि द्रव्य कितीही उत्तम असले तरी देश पाहिल्यावाचून त्याची योजना करू नये, हा आपल्या शास्त्राचा पहिला पाठ आहे व तो झाडांनाही लागू पडतो. पनवेल परिसरात आणि एकंदर उत्तर कोकणात रानगुलाब लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. रानगुलाबाकडून जे कार्य अपेक्षित आहे ते करणारी झुडपे येथे पूर्वापार आहेत. त्यांतील बहुतेक आपल्या संहितांत नावानिशी आली आहेत. आणि ती लावण्याचे उत्तरदायित्व औषधे बनविणाऱ्या व देणाऱ्या आपल्या वर्गावर इतरांपेक्षा अधिक आहे. ते कसे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गुलाब : ग्रंथातला आणि रानातला

प्रारंभी एक संभ्रम दूर केला पाहिजे. चरकसंहितेत मूत्रविरजनीय दशेमानीत आणि सूत्रस्थानातील दहा पुष्पासवांच्या गणनेत ‘शतपत्र’ हे नाव येते. ते वाचून चरकाचार्यांना गुलाब ठाऊक होता असे विधान काही वेळा उत्साहाने केले जाते. परंतु त्या शब्दाची संगत पाहावी. पद्म, उत्पल, नलिन, कुमुद, सौगंधिक, पुंडरीक यांच्या रांगेत तो बसला आहे. तेव्हा तो कमळाचाच भेद मानणे युक्त होय. गुलाब म्हणून आपण जे घेतो ती ‘शतपत्री’ अथवा ‘तरुणी’ भावप्रकाश निघंटूच्या पुष्पवर्गात, म्हणजे सोळाव्या शतकात, स्पष्टपणे भेटते. शीत, हृद्य, ग्राही, शुक्रल, लघु असे तिचे गुण तेथे सांगितले आहेत. (ग्रंथात ग्राही म्हटलेल्या पुष्पाचा गुलकंद आपण मृदु सारक म्हणून रोज देतो, हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.) त्याच वर्गात ‘कुब्जक’ हेही नाव येते व हिमालयातील पांढऱ्या, सुगंधी, वेलीसारख्या चढणाऱ्या रानगुलाबाशी त्याचा मेळ घातला जातो.

हिंदुस्थानात देशी रानगुलाब नाहीत असे मुळीच नाही. हिमालयाच्या उतारांवर रोझा ब्रुनोनी आहे. मणिपूरच्या डोंगरांत रोझा जायगँशिया ही मोठ्या फुलांची, झाडांच्या शेंड्यांपर्यंत पोहोचणारी जाती आहे. नीलगिरी व पळणीच्या शोलावनांच्या कडेला रोझा लेशेनोल्टियाना आढळते. बंगाल-बिहारकडे नद्यांच्या व पाणथळींच्या काठी वाढणारी रोझा क्लायनोफिला तर उष्ण प्रदेशातील गुलाब म्हणून जगभरच्या गुलाबतज्ज्ञांना परिचित आहे. त्या त्या प्रदेशातील वैद्यांनी हे गुलाब अवश्य लावावेत. कोकणच्या रानात मात्र गुलाब स्वभावतः उगवत नाही. येथे चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने डोंगरउतार तापत राहतात. या ऋतुमानाशी ज्या झुडपांनी हजारो वर्षे जुळवून घेतले आहे त्यांत गुलाब नाही, आणि म्हणून गुलाबावर अवलंबून असलेले पक्षी वा कीटकही येथे नाहीत.

परदेशातील दोन उदाहरणे

रानगुलाबाची कीर्ती आपल्याकडे आली ती मुख्यत्वे इंग्लंडच्या शेतांभोवतीच्या जिवंत कुंपणांवरून. तेथील रोझा कॅनिना ही जाती कुंपणात आपोआप वाढते; तिची तांबडी फळे थंडीत कस्तूर जातीच्या पक्ष्यांना अन्न पुरवितात. दुसऱ्या महायुद्धात संत्री मिळेनाशी झाली तेव्हा ब्रिटनमध्ये १९४१ पासून हीच फळे मुलांकडून व स्वयंसेवकांकडून गोळा करवून त्यांचे सरबत बालकांना क जीवनसत्त्वासाठी देण्यात आले. औषध आणि कुंपण यांचे नाते तेथे असे आहे. युद्धानंतर यंत्रशेतीसाठी मैलोगणती कुंपणे उपटली गेली आणि पुढे १९९७ मध्ये जुनी कुंपणे काढण्यावर निर्बंध घालणारे नियम तेथे करावे लागले. हा गुलाब तेथे उपकारक ठरतो, कारण तो तिथला आहे.

दुसरे उदाहरण अमेरिकेचे आहे. रोझा मल्टिफ्लोरा हा पूर्व आशियातील रानगुलाब. १९३० च्या दशकापासून तेथील मृदासंधारण खात्याने जमिनीची धूप थांबावी, गुरांना जिवंत कुंपण मिळावे आणि वन्य पशुपक्ष्यांना आसरा व्हावा या हेतूंनी त्याचा प्रसार केला. पक्ष्यांनी त्याची फळे आवडीने खाल्ली आणि बिया कुरणांत, जंगलांत सर्वत्र नेऊन टाकल्या. काही दशकांतच तो इतका माजला की अनेक राज्यांना त्यास उपद्रवी तण घोषित करावे लागले. पक्षी येतात एवढ्याच कसोटीवर परकी झुडूप निवडले तर काय होते, याचे याहून बोलके उदाहरण नाही. अर्थात आपल्याला इतके दूर जाण्याचीही गरज नाही. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या उद्यानात शोभेसाठी आलेली घाणेरी आज पनवेलच्या कोणत्याही डोंगरउतारावर पाहावी. तिची काळी फळे बुलबुल खातात, फुलांवर फुलपाखरे बसतात, आणि तिच्या जाळीखाली रानातले दुसरे रोप उभे राहत नाही.

सुश्रुताचार्यांचे कुंपण

मग कोकणात काय लावावे? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अडतिसाव्या अध्यायात पाच पंचमुळे सांगितली आहेत. लघु व बृहत् पंचमूळ आपण नित्य वापरतो, तृणपंचमूळही वापरतो. उरलेली दोन, वल्लीपंचमूळ आणि कंटकपंचमूळ, परीक्षेपुरती पाठ करून सोडून देतो. कंटकपंचमुळात करमर्द, गोक्षुर, सैरेयक, शतावरी व गृध्रनखी ही पाच द्रव्ये येतात. वल्लीपंचमुळात विदारी, सारिवा, रजनी, गुडूची व अजशृंगी. या दोन्ही गणांना रक्तपित्तहर, त्रिविध शोफाचे नाशक, सर्वमेहहर व शुक्रदोषनाशक म्हटले आहे.

आता हीच नावे घेऊन पनवेलपासून कर्नाळ्याकडे जाताना एखाद्या जुन्या वाडीच्या वईपाशी उभे राहावे. (वई हा शब्द नव्या पिढीला अपरिचित होत चालला आहे, बागेभोवतीचे वा शेताभोवतीचे काटेरी कुंपण म्हणजे वई.) करमर्द म्हणजे करवंद, वईचा कणा तोच. सैरेयक म्हणजे कोरांटी, तिची पिवळी फुले वईच्या पायथ्याशी असतात. शतावरी वईतल्या काट्यांना काटे गुंतवीत वर चढते. गृध्रनखीविषयी मतभेद आहेत, कोणी वाघाटी घेतात, कोणी बोरीची जाती. कोकणच्या वईत दोन्ही आहेत. वाघाटीची फळे आषाढी द्वादशीला उपवास सोडताना भाजीत घालण्याची चाल अद्याप अनेक घरांत आहे. गोक्षुर तेवढा कोरड्या, उघड्या जमिनीचा, तो वईत शोधू नये. वर चढलेली गुळवेल आणि मुळाशी पसरलेली उपळसरी ही वल्लीपंचमुळातील दोन द्रव्ये त्याच ठिकाणी हाताला लागतात. ज्यांनी हे गण बांधले त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रामसीमेवरचे असेच काटेरी झुडपांचे व वेलींचे जाळे असावे, असे आम्हांस नेहमी वाटते. हा तर्क आहे, प्रमाण नव्हे. पण वईपाशी उभे राहून गण शिकविला तर विद्यार्थी तो विसरत नाही, एवढे अनुभवाने सांगता येते.

रानगुलाबाकडून पक्ष्यांना तीन गोष्टी मिळतात : काट्यांचा आसरा, फुलांतील मध वा पराग, आणि अन्नाच्या टंचाईच्या दिवसांत फळ. या तिन्ही गोष्टी आपली वई देते व वर्षभर वाटून देते. अडुळशाला थंडीत फुले येतात व मोठे काळे भुंगे त्यावर दिवसभर असतात. माघ-फाल्गुनापासून करवंदाला पांढरी सुगंधी फुले येतात. ती रात्रीच्या पतंगांनाही बोलावतात. चैत्र-वैशाखात तोरणाची पांढरी फळे, मागोमाग करवंदे. बुलबुल, कोकीळ, उदमांजर, कोल्हा हे सर्व करवंदे खातात आणि बिया दूरवर नेऊन टाकतात. हा काळ पक्ष्यांच्या विणीचाही असतो. शिवाय वाघाटीच्या पानांवर पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अनेक जातींच्या अळ्या पोसल्या जातात व बोरीच्या पानांवर पांढऱ्या पंखांचे, काळ्या ठिपक्यांचे लहान फुलपाखरू वाढते. अळ्यांविना पिलांना चारा नाही, ही गोष्ट आपण वैद्य लोक सहसा ध्यानात घेत नाही, कारण पान कुरतडलेले दिसले की आपला जीव द्रव्यासाठी तुटतो.

पनवेल तालुक्यात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे. कर्नाळा पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये स्थापन झाले. विस्तारानंतरही त्याचे क्षेत्र अवघे १२.११ चौरस किलोमीटर आहे. पावसाळ्यात तिबोटी खंड्या तेथे विणीला येतो, स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तूर तेथे पाहावयास मिळतात. एवढ्या लहान रानातले पक्षी अभयारण्याच्या हद्दीत मावत नाहीत. प्रबळगड, माथेरान, मलंगगडाकडच्या डोंगरांशी कर्नाळ्याला जोडणारे दुवे म्हणजे मधल्या गावांतील बांध, देवराया आणि वया. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यापासून वसाहती वाढत गेल्या, महामार्ग रुंद झाले, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. भातखाचरे गेली तिथे त्यांच्या वयाही गेल्या, आणि जिथे जमीन अजून शेतीची आहे तिथेही सिमेंटचे खांब व काटेरी तार आली. तारेवर पक्षी बसतो, पण घरटे बांधीत नाही.

धायटी : आपल्यावरचे ऋण

वईच्या या झुडपांत एक नाव आम्ही मुद्दाम मागे ठेवले होते. धायटी, अर्थात धातकी, वुडफोर्डिया फ्रुटिकोझा. चरकाचार्यांनी पुरीषसंग्रहणीय, मूत्रविरजनीय व संधानीय या तीन दशेमानींत तिचा समावेश केला आणि दहा पुष्पासवांत दहावे स्थान तिला दिले. (संधानीय म्हणजे भग्न व व्रणाचे संधान करणारे, आसवाचे संधान हा वेगळा अर्थ. योगायोगाने धातकी दोन्ही कामे करते.) आसवारिष्ट बनविणाऱ्या कोणत्याही फार्मसीचे तिच्यावाचून चालत नाही. फुलावर निसर्गतः असणारे किण्व संधानास चालना देतात व त्यातील कषाय द्रव्ये ते संधान मर्यादेत ठेवतात, असा तिच्या कार्याचा उलगडा केला जातो. शार्ङ्गधरसंहितेतील कुटजारिष्टाचा पाठ घ्या. एका तुला कुटजाच्या काढ्यावर गूळ एक तुला आणि धातकीपुष्प २० पल. पल ४८ ग्रॅमचे धरले तर ९६० ग्रॅम, म्हणजे एक द्रोण, सुमारे १२ लिटर काढ्यामागे जवळजवळ एक किलो सुकी फुले. हे फूल बोटाच्या पेराएवढेही नसते व वाळल्यावर हाती काय राहते हे आपण सर्व जाणतो. एक किलोसाठी किती झुडपे झाडावी लागत असतील याचा अंदाज ज्याने त्याने आपल्या भांडारातील पोते उघडून करावा.

आता या फुलाची रचना पाहू. मोहाचे फूल गळते तेव्हा पाकळ्यांचा भाग खाली पडतो आणि फळ झाडावर राहते. वेचणारा मोह वेचतो, झाडाची पुढची पिढी शाबूत राहते. धायटीचे तसे नाही. आपण ज्याला फूल म्हणतो ती तांबडी नळी वस्तुतः निदलपुंज आहे. पाकळ्या अगदी लहान असतात. फूल उमलून गेले तरी ही नळी गळत नाही. तिच्याच आत बोंड धरते व बारीक तपकिरी बिया तयार होतात. म्हणून फांदी ओरबाडून फुले काढली की त्या वर्षीचे बीही पोत्यात जाते. कोवळी फुले काढली तर बी धरलेलेच नसते, जून फुले काढली तर धरलेले बी निघून येते. कोणत्याही वेळी काढली तरी झुडपाच्या वाट्याला काही उरत नाही. आपण अरिष्ट गाळतो तेव्हा तळाशी जो गाळ राहतो त्यात धायटीचे बीही पुष्कळ असते.

दुसरी बाजू पक्ष्यांची. पौष ते चैत्र हा धायटीचा फुलोरा. डोंगरउतार वाळलेले असतात, पळस-पांगारा सोडले तर मध देणारे थोडे. अशा वेळी धायटीच्या नळ्या मधाने भरलेल्या असतात आणि शिंजीर व मधमाश्या सकाळपासून त्यांवर असतात. फूल आणि पक्षी यांच्या या नात्यावर डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या दशकातच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात विस्ताराने लिहिले होते. शिंजीर व फुलटोचे यांच्याविषयीचा त्यांचा एक अभ्यास तर कोकणातलाच आहे. त्याच फुलोऱ्याच्या दिवसांत डोंगरांना वणवे लागतात. धायटी चिवट आहे, जळाल्यावरही बुंध्यातून फुटते, गुरेही तिला सहसा तोंड लावीत नाहीत; मात्र जळालेल्या वर्षीचा फुलोरा गेला तो गेलाच. वणव्यातून वाचलेली फुले आपण नेतो.

धायटी दुर्मीळ झाली आहे असे आमचे म्हणणे नाही. ती आज मुबलक दिसते आणि म्हणूनच तिचा विचार कोणी करीत नाही. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाच्या वतीने २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मागणी-पुरवठ्याच्या अभ्यासात व्यापारातील ९६० वनस्पतिजातींची नोंद झाली व त्यांतील १७८ जातींचा वार्षिक खप प्रत्येकी १०० मेट्रिक टनांहून अधिक आढळला. यांतील मोठा वाटा रानातून येतो. ज्या द्रव्यांची मुळे खणली जातात त्यांच्याविषयी ओरड होते. फूल नेल्याने झुडूप मरत नाही, म्हणून फुलाची गणना कोणी हानीत करीत नाही. पण वर्षानुवर्षे बी न पडलेल्या टेकडीवर उभी असलेली झुडपे सर्व म्हातारी असतात, आणि ती गेल्यावर मागे कोणी नसते.

चरकसंहितेतील जनपदोद्ध्वंसनीय अध्याय आपण साथीच्या रोगांच्या संदर्भात नेहमी सांगतो. त्याचा प्रारंभ आठवावा. ग्रीष्माच्या अखेरच्या महिन्यात कांपिल्यनगराजवळ गंगेच्या काठी वनात फिरताना भगवान आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, पुढे भूमी विरस होईल, तत्पूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवा. या उपदेशातील संग्रहाची आज्ञा आपल्या व्यवसायाने उत्तम पाळली. भूमी विरस होते म्हणजे काय होते आणि ती होऊ नये यासाठी वैद्याने काय करावे, हा भाग मात्र आपण वनखात्यावर सोपवून मोकळे झालो.

वई कशी लावावी

लागवडीची पद्धत अवघड नाही, परंतु वेळ चुकवून चालत नाही. वैशाखातच दीड फूट रुंद व तितकाच खोल चर खणून तो उन्हात तापू द्यावा. मृगाच्या सरींनंतर शेणखत व पालापाचोळा मिसळून भरावा. रोपे दोन ओळींत, एकमेकांच्या फटीसमोर येतील अशी लावावीत. बाहेरची ओळ काटेरी : करवंद मुख्य, मधून मधून बोर, तोरण आणि गेळ. गेळ म्हणजे आपले मदनफळ; वमनासाठी बाजारातून जुनी, किडकी फळे आणण्याची वेळ ज्यांच्यावर येते त्यांनी चार झुडपे अवश्य लावावीत. सागरगोटा एखाददुसराच लावावा, तो फार पसरतो. या ओळीत दोन रोपांत तीन फूट अंतर ठेवावे. आतली ओळ बिनकाट्याची : धायटी, निर्गुंडी, अडुळसा, अंतर चार फूट. शंभर फुटांच्या वईला अशी सुमारे ६० रोपे लागतात. कोरांटी पायथ्याशी. गुळवेल, शतावरी व वाघाटी दुसऱ्या पावसाळ्यात, झुडपांनी जोर धरल्यावर सोडावीत. आधी सोडल्यास वेल झुडपाला दाबतो.

करवंदाचे बी फार दिवस टिकत नाही. पिकलेली फळे खाऊन बी धुऊन, सावलीत जेमतेम सुकवून त्याच आठवड्यात पेरावे. सागरगोट्याचे कवच कानशीने थोडे घासून बी रात्रभर पाण्यात ठेवल्याखेरीज ते लवकर रुजत नाही. निर्गुंडी व अडुळसा पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काड्यांवर येतात. गुळवेलीला बोटभर जाडीची वीतभर काडी पुरते. धायटीकडे मात्र लक्ष द्यावे लागते. तिची बोंडे झुडपावरच तपकिरी होऊ द्यावीत, बी चाळून बारीक वाळूत मिसळावे आणि वाफ्यावर पसरून वर मातीचा नुसता हात फिरवावा. खोल गेलेले बी वर येत नाही. पाणी झारीने नव्हे, पोत्यावरून द्यावे. रोपे पहिल्या वर्षी वाफ्यातच ठेवून दुसऱ्या पावसाळ्यात जागेवर न्यावीत. मुरमाड, निचऱ्याची जागा तिला मानवते. पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात ती लावू नये, तेथे निर्गुंडी लावावी.

बी कोठून आणावे, हाही प्रश्न येतो. अभयारण्यातून काहीही आणू नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये तेथून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत करवंद, निर्गुंडी, अडुळसा मिळतात. उरलेल्यांसाठी गावातील जाणत्या शेतकऱ्याला व कातकरी वाडीतील मंडळींना विचारावे आणि त्यांच्या श्रमाचे दाम रोख द्यावेत. रोपवाटिकेत ‘जंगली’ म्हणून दाखविलेले प्रत्येक झुडूप आपले नसते. नाव, फूल व फळ पाहिल्याखेरीज घेऊ नये. उंदीरमारी लवकर वाढते म्हणून अनेक जण सुचवितात. हिरवळीच्या खतासाठी ती शेतात असावी, या वईत नको.

छाटणीविषयी आमचा आग्रह आहे. संपूर्ण वई एकाच वर्षी छाटू नये. पावसाळा संपल्यावर, अश्विन-कार्तिकात, निम्मी लांबी छाटावी व उरलेली पुढील वर्षी. त्यामुळे फुले-फळे दरवर्षी कोठेतरी राहतात. माघापासून श्रावणापर्यंत कोयता वईला लावूच नये. आत घरटी असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी धायटी चांगली फुलू लागली की फुले घ्यावीत, पण प्रत्येक झुडपाचा एक तृतीयांश भाग, शेंड्याकडचा, पूर्णपणे सोडून द्यावा, आणि दर तीन झुडपांत एक झुडूप त्या वर्षी मुळीच शिवू नये. फांदी ओढून ओरबाडण्याऐवजी खाली कापड अंथरून बोटांनी फुले खुडावीत. वेळ लागतो, मालात पाने व काड्या येत नाहीत, हा त्याचा मोबदला.

फार्मसीच्या दृष्टीने

औषधनिर्मात्यांचा प्रश्न रास्त असतो : शंभर-दोनशे फूट वईतून आमची धायटी कितीशी निघणार? मोठ्या कारखान्याची गरज यातून भागणार नाही, हे उघड आहे. पनवेल हे १८७२ पासून आयुर्वेदीय औषधनिर्मितीचे गाव आहे; येथील मागणीचे प्रमाण आम्ही जाणतो. तरी आपल्या रुग्णांपुरते अरिष्ट घालणाऱ्या वैद्याला आणि लहान फार्मसीला ही वई खरोखर उपयोगी पडते. मोठ्या निर्मात्यांनी ही वई बीजभांडार म्हणून पाहावी व पुरवठादार गावांतील शेतकऱ्यांना बांधावर धायटी लावण्यासाठी रोपे व खरेदीची हमी द्यावी. शहापूर तालुक्यातील कातकरी तरुणांनी वनधन केंद्रामार्फत गुळवेल थेट मोठ्या कंपन्यांना पुरविल्याचे उदाहरण समोर आहे. रायगडातील वाड्यांत धायटीचे तसे का होऊ नये? वेचणाऱ्याला किलोमागे दोन पैसे अधिक मिळाले आणि झुडूप त्याच्या स्वतःच्या बांधावर असले, तर तो फांदी ओरबाडणार नाही. रानातले फूल आज आपण नाही नेले तर उद्या दुसरा नेतो, म्हणून तेथे कोणी मागे ठेवीत नाही.

यात कायद्याचाही एक भाग आहे. जैविक विविधता कायदा २००२ चा. २०२३ च्या दुरुस्तीने लागवडीतील औषधी वनस्पतींना रानातून आणलेल्या मालापेक्षा वेगळी वागणूक दिली असून त्यासाठी मालाच्या उगमाचे प्रमाणपत्र लागते. नोंदवही आजपासून ठेवावी : कोणते झुडूप, कोठल्या बियाचे, केव्हा लावले, किती माल निघाला. द्रव्याच्या ओळखीसाठीही ही नोंद उपयोगी पडते. गुळवेलीच्या जागी तिच्याच कुळातील दुसरी जाती वापरात येते की काय, यावरून कोविडच्या काळात किती गदारोळ झाला व आयुष मंत्रालयाला खुलासा करावा लागला, हे सर्वांना स्मरत असेल. आपल्या वईवर आपण लावलेल्या, पाने-फुले पाहिलेल्या वेलीबाबत तसा संशय राहत नाही.

ज्यांच्याजवळ जमीन नाही अशा शहरी वैद्यांनी सोसायटीच्या कुंपणाला निर्गुंडी-अडुळसा लावण्याचा आग्रह धरावा. करवंदाला तेथे मुलांच्या काट्यांच्या कारणाने विरोध होतो, तो फार ताणू नये. ज्यांना गुलाबाची हौस आहे त्यांनी गुलकंदासाठी गावठी गुलाब दारात खुशाल लावावा, त्याला खत-पाणी घालावे. बांधावर व रानाच्या कडेला तो नेऊ नये. यंदा ज्यांना प्रारंभ करावयाचा आहे त्यांनी फाल्गुन-चैत्रात धायटीची तपकिरी बोंडे हेरून ठेवावीत. बोंड फुटण्यापूर्वी, सकाळी दंव असताना ती काढली तर बी सांडत नाही.